दोन रंगांचा हाफ स्वेटर



भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवर आमचा विणकामाचा वर्ग चालतो. ज्यांना घरी बसून एखादा हाफ स्वेटर विणून द्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा पाठ.

दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबं उचल फेडायला वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. मुलं सोबत असतात आणि थंडीच्या रात्री विस्तवाजवळ झोपतात. म्हणून लोकर मेंढीचीच हवी. बाजारात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. जाळ लागला की ती वितळून अंगाला चिकटते. एक धागा जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते; ॲक्रिलिकची कडक गोळी होते. ॲक्रिलिक पाठवलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, हात बसवायला ते उत्तम.

नक्षीची रीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फेअर आयल बेटावरची आहे. रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. एक विणताना दुसरा मागून मोकळा जातो, त्यामुळे कापड जाड आणि उबदार होतं.

आधी दोन्ही रंगांत नमुना विणा. १० सेंमीत २२ टाके बसले आणि मुलाची छाती ६० सेंमी असेल, तर ६ सेंमी ढिलाई धरून १४५ टाके होतात. १४४ घाला, सहा टाक्यांची नक्षी त्यात बरोबर २४ वेळा बसते. गोल सुईवर काखेपर्यंत विणलं की नक्षीचे सगळे टाके सुलट येतात. वर्गातल्या एक मावशी आलेख वाचत नाहीत, ओळ तोंडाने म्हणतात: तीन काळे, एक पांढरा, एक काळा, एक पांढरा. त्यांची ओळ सहसा चुकत नाही.

मागचा धागा ओढू नका, स्वेटर आखडतो. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्या. पाचपेक्षा जास्त टाके एकाच रंगाचे असतील तर मध्ये दोन्ही धाग्यांना एक पीळ द्या, नाहीतर मुलांची बोटं त्यात अडकतात. नक्षीचा धागा कायम खालून घ्या, म्हणजे ती उठून दिसते. काखेच्या वर पुढचा-मागचा भाग एकाच रंगात विणा. तिथे उलट ओळींवर दोन रंग म्हणजे नसती डोकेदुखी.

आणि वारली चित्रातली माणसं नकोत. वारली समाज पालघरकडचा, भोरचा नव्हे. साधे त्रिकोण पुरेत.

स्वेटर दिवाळीआधी पोहोचवा. नंतर आला तर तो घालणारं मूल वाडीवर नसतं.