रोजची एसटी की कॉलेजजवळ खोली?

बारावी झाली की घराघरांत पासचा आणि खोलीभाड्याचा हिशेब सुरू होतो. विद्यार्थी पासला तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच पैसे लागतात, म्हणून इंझोरीहून रोज जाणे स्वस्त वाटते. पण लेकरू पहाटे पाचला उठत असेल आणि रात्री अकराला झोपत असेल, तर झोप सहाच तास. अठरा वर्षांच्या पोराला किमान सात तास लागतात, त्याहून लहानाला आठ.

मुलींचे हाल वेगळेच. वाटेत संडास नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ सुरू होते. वर चहा-बिस्किटावर दिवस. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही! आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

कारंजा, मानोऱ्याला जाणे-येणे निभते. घरची भाकर मिळते, हे काही लहान नाही. वाशीम, अमरावतीला मात्र तिथेच राहावे. आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. नंबर लागला नाही, तर 2016-17 पासून आपल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे: अमरावतीत वर्षाला 51,000, वाशीमला 43,000 रुपये. पैसे खात्यात यायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांच्या मेसची सोय घरूनच करावी लागेल. खोली बघताना पाणी आणि संडास आधी बघा, भाडे नंतर विचारा.