युरियाचे पोते आणि आपला हिशेब

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या पायऱ्यांवर पाऊसपाण्याच्या गोष्टी निघतात. भाताची लावण झाली की त्या गोष्टींत एक तक्रार हमखास ऐकू येते, "युरियात पूर्वीसारखा दम राहिला नाही बघ." सांगणारे बहुतेक जुने, अनुभवी शेतकरी असतात. त्यांचे डोळे चुकत नाहीत, पण खत भेसळीचे आहे हा जो अर्थ ते काढतात तो मात्र बहुतेक वेळा चुकतो.

आपण युरिया कधी किलोने मोजला नाही, पोत्याने मोजला. "वरच्या मळीला एक, ओढ्याकडच्या तुकड्याला अर्धे," असा हिशेब वडिलांनी मुलाला दिला. ते पोते ५० किलोचे होते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे एका पोत्यात २३ किलो नत्र. २०१८ साली पोते ४५ किलोचे झाले आणि नत्र २०.७ किलोवर आले. शेतकरी पोत्याने मोजतो हे सरकारला ठाऊक होते. पोते लहान केले की वापर आपोआप कमी होईल हाच त्यामागचा विचार. बदल पोत्यावर छापलेला होता, पण ओळखीच्या पोत्यावर काय छापले आहे ते वाचतो कोण?

त्याआधी २०१५ साली दुसरा बदल झाला. देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. जुना युरिया मिठासारखा पांढराशुभ्र दिसे. हा किंचित पिवळट आणि हाताला वास लागणारा. शेतातही तो वेगळा वागतो. युरिया चिखलात पडला की आधी त्याचा अमोनिया होतो, मग सूक्ष्मजंतू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते, नाहीतर खाचरातून वायुरूपाने उडून जाते. कडुनिंबाचे तेल हे दुसरे रूपांतर लांबवते. म्हणून रोपावर हिरवेपणा जरा सावकाश चढतो, पण जास्त दिवस टिकतो.

हा सावकाशपणाच घात करतो. आमच्या नात्यातील एका वृद्ध काकांनी खत टाकून पाच दिवस वाट पाहिली. पूर्वीसारखी काळोखी चढेना. दुकानदाराला दोष दिला आणि आणखी अर्धे पोते फेकले. पुढे भात असे माजले की रस्त्याने जाणारे थांबून पाहत. पण लोंब्या भरताना करपा आला आणि उरलेले पीक परतीच्या पावसात आडवे झाले. जास्त नत्राने पाने मऊ व रसरशीत होतात, करपा आणि तुडतुडे यांना ती फार आवडतात. काका अजूनही म्हणतात खत वाईट होते. वयाने मोठ्या माणसाशी वाद किती घालावा!

आता तिसरे पोते आले आहे. गंधकाचा लेप दिलेला युरिया, ज्याला 'युरिया गोल्ड' म्हणतात, तो ४० किलोच्या पोत्यात आणि ४५ किलोच्याच भावात मिळतो. त्यात नत्र ३७ टक्के व गंधक १७ टक्के. म्हणजे पोत्यामागे नत्र १४.८ किलो. भुईमुगासारख्या पिकाला गंधक हवेच असते, तेव्हा हे खत वाईट मुळीच नाही. पण जुन्या "एका पोत्या"च्या जागी हे एक पोते टाकले तर नत्र तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते.

तेव्हा पोते विसरून नत्र धरावे. समजा तुमच्या भाताला एकरी ४० किलो नत्राची शिफारस आहे. ४० ला १०० ने गुणून ४६ ने भागले की ८७ किलो युरिया येतो. तो ५० किलोची पावणेदोन पोती भरे, आता ४५ किलोची दोन पोती थोडी कमी भरतो. 'गोल्ड' घेतल्यास ३७ ने भागावे, १०८ किलो येतात. लावणीला डीएपीचे ५० किलोचे पोते दिले असेल तर त्यातले ९ किलो नत्र आधी वजा करावे, नाहीतर दुप्पट मार बसतो. घरचे घमेले एकदा काट्यावर नेऊन त्यात किती किलो मावते ते पाहून ठेवावे. पुढे काट्याची गरज पडत नाही. तुमच्या जातीला व जमिनीला किती नत्र लागते हे रयत संपर्क केंद्रात माती तपासणीच्या कागदासह विचारावे.

बाटलीतल्या नॅनो युरियाबद्दलही विचारणा होते. २०२१ साली आलेल्या पहिल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम नत्र होते. तो पानांवर फवारायचा असतो. लावणीच्या वेळचे खत त्याच्यासाठी कमी करू नये.

वरखत देताना खाचरातले पाणी काढावे, खत फेकावे आणि दुसऱ्या दिवशी पाणी बांधावे. भरल्या खाचरात टाकलेले खत शेजाऱ्याच्या बांधातून वाहून जाते, काही झिरपून विहिरीत उतरते. हे आरोग्याच्या दृष्टीनेही वाईट. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. जास्त झाले तर धोका सगळ्यांत मोठा असतो तो तान्ह्या बाळाला, विशेषतः वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून पाजले जाते तेव्हा. बाळाचे ओठ व नखे निळसर पडतात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. ज्यांची विहीर खाचराला लागून आहे आणि घरात लहान मूल आहे, त्यांनी पाणी तपासून घ्यावे, तोवर बाळासाठी दुसरीकडचे खात्रीचे पाणी आणावे. निळसरपणा दिसलाच तर घरगुती उपाय करत न बसता बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे आणि विहिरीचे पाणी पाजत होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.