जुनं घर घेताय? मग छताकडे नीट बघा! (सिमेंटचे पत्रे आणि ॲसबेस्टॉस)



परिसर अभ्यासात निवाऱ्याचा विषय आला की आपण मुलांना हमखास विचारतो, तुमच्या घराचं छप्पर कशाचं आहे? उत्तरंही ठरलेली असतात. कौलं, स्लॅब, पत्रा. मी फळ्यावर तीन रकाने करायचे आणि पुढे जायचे. आता पत्र्याच्या रकान्याचे दोन भाग करते : लोखंडी पत्रा आणि सिमेंटचा पत्रा. असं का, ते सांगण्यासाठी हा लेख.

२०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कौलं उडाली, पत्रे फुटले. आमच्या शाळेमागच्या शेडचेही चार-पाच पत्रे फुटून खाली आले. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मुलांना त्या तुकड्यांचा छान उपयोग सापडला. लगोरी! तुकडे दगडावर घासून गोल करायचे आणि एकावर एक रचायचे. मीच त्यांना म्हटलं होतं, "कडा नीट घासून घ्या रे, हाताला लागेल." मुलांनी बाईंचं ऐकलं. पायरीवर पांढरट भुकटीचा थर बसलेला मला आजही आठवतो. त्या भुकटीत काय असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ॲसबेस्टॉस म्हणजे काय?

ॲसबेस्टॉस हे खाणीतून निघणारं खनिज आहे. दगडच, पण कापसासारखे तंतू असलेला. जळत नाही, कुजत नाही, ताणलं तरी सहज तुटत नाही. साधारण १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ, मजबूत पत्रे बनवण्याची पद्धत शोधली. आपला नालीदार सिमेंटचा पत्रा त्याच पद्धतीचा. त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲसबेस्टॉस असतं, बाकी मुख्यतः सिमेंट.

हे तंतू उभे चिरत जातात आणि डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात. श्वासावाटे फुप्फुसात खोल गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुस कडक होणं (ॲसबेस्टॉसिस), फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲसबेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना कर्करोगकारक मानते. आजार दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षं लागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपायला सांगितल्या, त्या यामुळेच. आठ वर्षांच्या मुलापुढे किती वर्षं आहेत याचा हिशेब आपण केलेला बरा.

लगेच घाबरून जाऊ नका. शाबूत पत्र्याखाली झोपणं आणि पत्रा फोडणं यांत फार फरक आहे. पत्रा धड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. करवत, ड्रिल, ग्राइंडर, हातोडा किंवा तारेचा ब्रश लागला की ते सुटतात. ऊन-पावसाने पृष्ठभाग झिजून खरखरीत झालेल्या जुन्या पत्र्यातूनही थोडे थोडे सुटत राहतात. त्यामुळे घर विकत घेताना किंवा विकतानाची वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तोडफोड तेव्हाच होते.

आमच्या घराची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आम्ही तालुक्याच्या गावी जुनं घर बघत होतो. पुढे कौलं, मागे पडवी आणि न्हाणीवर सिमेंटचे पत्रे. सातबारा पाहिला, वाट पाहिली, विहिरीचं पाणी चाखून पाहिलं. वर कोणीच पाहिलं नाही. मध्यस्थ सहज म्हणाले, "पत्र्यांचं टेन्शन घेऊ नका मॅडम, दोन माणसं लावा, घण मारून दुपारपर्यंत खाली!" ते ऐकलं आणि मला लगोरी आठवली. तोवर मी या विषयावर थोडंफार वाचलं होतं.

त्याच आठवड्यात मेलबर्नच्या मावसभावाचा फोन आला. त्यानेही तिकडे जुनं घर घेतलंय. त्याचा पहिला प्रश्न, "ताई, घर कोणत्या सालचं?" ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. १९९० पूर्वीचं घर असेल तर ते असणारच असं धरूनच लोक तपासणी करून घेतात. ब्रिटनमध्येही पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर १९९९ साली बंदी आली, त्यामुळे तिथेही बांधकामाच्या सालावरून अंदाज बांधता येतो. आपल्याकडे हा नियम लावू नका! भारतात खाणकाम थांबलं, पण आयात केलेल्या पांढऱ्या ॲसबेस्टॉसचे पत्रे विकायला बंदी नाही. म्हणून गेल्या वर्षी घातलेला पत्राही तोच असू शकतो. आपल्याकडे साल विचारून भागत नाही, पत्राच बघावा लागतो.

काय बघायचं?

राखाडी, नालीदार, साधारण सहा मिलिमीटर जाड, वाजवला तर टिनासारखा खणखणीत न वाजता बद्द आवाज करणारा, तो सिमेंटचा पत्रा. त्यावर आय.एस. ४५९ असा शिक्का दिसला तर शंका नको, तो क्रमांक ॲसबेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचाच आहे. ॲसबेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही हल्ली मिळतात, दिसायला अगदी सारखे. त्यामुळे नुसत्या नजरेने खात्री होत नाही, ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधी फोन करून ही चाचणी होते का ते विचारा. आम्ही चाचणी केली नाही. पत्रे १९८७ चे आहेत असं घरमालक आजोबांनीच सांगितलं, मग ॲसबेस्टॉस आहे असंच धरून चाललो. जुन्या पत्र्यांबाबत हेच सोपं.

छपराशिवाय पन्हाळ, पावसाच्या पाण्याचे जुने राखाडी पाइप, चुलीचं धुराडं, पाण्याची जुनी टाकी, न्हाणीतला सपाट पार्टिशनचा पत्रा हेही बघा. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वर काय आहे ते विचारा. (शिक्षकांसाठी : विज्ञानाच्या कपाटात तिवईवर ठेवायची मधोमध पांढरा गोल असलेली जुनी जाळी असेल, तर तो गोलही ॲसबेस्टॉसचा असू शकतो. मुलांच्या हाती देऊ नका. आता सिरॅमिकची मिळते.)

तडे, कडांना सुटलेले तंतू, माकडांनी उड्या मारून फोडलेले कोपरे, डांबर लावून बुजवलेल्या भेगा, सगळ्याचे फोटो काढा. पण वर चढू नका. हा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आरपार पडून लोक दगावतात.

सौदा करताना

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ सांगतं की खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याने सांगायला हवा. पण छप्पर तर उघड दिसतं! म्हणजे विचारायची जबाबदारी आपलीच. पत्रे कोण उतरवणार, कसे आणि कोणाच्या खर्चाने, हे साठेखतातच लिहून घ्या. आम्ही आजोबांना नीट समजावून सांगितलं. ते आधी रागावले, "आम्ही चाळीस वर्षं राहिलो, काय झालं?" मग किमतीतून उतरवण्याचा खर्च वजा करायला तयार झाले. आणि तुम्ही विकणारे असाल, तर घर उठून दिसावं म्हणून शेवाळ तारेच्या ब्रशने घासून वर रंग मारू नका. धूळ तुमच्याच घरात पडते.

उतरवताना आम्ही पत्रे पाण्याने भिजवले, फळ्या टाकून त्यावर माणसं चढवली, गंजलेल्या हुक बोल्टना आदल्या दिवशी तेल सोडलं आणि पान्याने खोलून अख्खे पत्रे खाली घेतले. ग्राइंडर बंद. कामगार दादांना चांगले घट्ट बसणारे मास्क दिले. कापडी रुमाल इथे उपयोगाचा नाही. कामाचे कपडे तिथेच बदलले, घरच्या कपड्यांत धुतले नाहीत. ॲसबेस्टॉस कामगारांचे कपडे धुऊन त्यांच्या बायकांना आजार झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवलं होतं. दुपारऐवजी दोन दिवस लागले.

पुढचा भाग मात्र अर्धवट आहे. भंगारवाल्याने पत्रे नेले नाहीत. नगरपंचायतीत विचारलं तर "खड्ड्यात टाका की" असं उत्तर मिळालं. घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत, पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आम्ही पत्र दिलंय. एकोणीस पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून परसात उभे आहेत. त्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय : ॲसबेस्टॉस, फोडू नये. तुमच्यापैकी कोणी असे पत्रे रीतसर दिले असतील तर कुठे आणि कसे, ते नक्की कळवा.