जखम उघडी धरणारे उपकरण

पोटाच्या शस्त्रक्रियेत चीर देण्याचे काम थोडक्यात उरकते; ती चीर उघडी धरण्याचे काम मात्र टाके घालण्याची वेळ येईपर्यंत चालू राहते. या कामाच्या उपकरणाला शल्यगृहात रिट्रॅक्टर असेच म्हणतात. त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे टोकाशी वाकवलेली, कडा गुळगुळीत केलेली पोलादी पट्टी. ती ओढून धरणारा बहुधा तेथील सर्वांत कनिष्ठ डॉक्टर असतो, आणि जखमेच्या आतले त्याला फारसे दिसतही नाही. काही वेळाने त्याचा हात भरून येतो. मग पट्टी सैल पडते आणि शल्यचिकित्सकाच्या नजरेसमोरचा भाग झाकला जातो. किंवा तो शरीराचा भार पट्टीवर टाकतो आणि तिच्याखालील यकृत किंवा आतडे दबते.

सुश्रुताने १०१ यंत्रे मोजली आणि त्यांत हाताला अग्रस्थान दिले, ते यथार्थच आहे. पण एकच गोष्ट तासभर न हलता धरून ठेवणे हे हाताचे काम नव्हे. ते यंत्रावर सोपवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. मेयो क्लिनिकच्या डोनाल्ड बाल्फोर यांनी १९१२ साली पोटासाठी स्वयंधारक चौकट वापरात आणली. अर्जेंटिनातील एन्रिके फिनोचिएटो यांनी १९३६ च्या सुमारास बरगड्या दूर सारणारे उपकरण केले. त्याची एक भुजा स्थिर असते. दुसरी दातेरी पट्टीवरून, दांडा फिरवला की, सरकते. जॉन बुकवॉल्टर हे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एका छोट्या गावी शस्त्रक्रिया करीत. त्यांनी जखमेवर एक कडे बसवले, ते खांबाने टेबलाला जखडले आणि हव्या तितक्या पट्ट्या त्या कड्यावर अडकवण्याची सोय केली.

येथे एक नवा धोका उत्पन्न झाला. हात थकतो, म्हणूनच तो मधूनमधून सैल होतो आणि दबलेल्या ऊतींना रक्त मिळते. यंत्र थकत नाही. कण्यालगतच्या सोआस स्नायूपाशी मांडीकडे जाणारा फिमोरल मज्जातंतू असतो. चौकटीची पट्टी गरजेपेक्षा लांब असली, विशेषतः रुग्ण कृश असला, तर तिचे टोक तेथे दाब देत राहते. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते; दुसऱ्या दिवशी मात्र रुग्णाला गुडघा ताठ करता येत नाही. ही दुर्बलता बहुतेकांत काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ओसरते, परंतु ती टाळण्याजोगी होती, ही बाब उरतेच.

जोर किती वाढतो याचा साधा हिशोब करून पाहावा. फिरवण्याचा दांडा ५ सेंटिमीटर लांब आणि दंतचक्राची त्रिज्या अर्धा सेंटिमीटर धरली, तर घर्षण सोडून जोर दसपट होतो. बोटांनी दोन किलोचा जोर लावला, की बरगडीवर वीस किलोचा पडतो. फिरवणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणून जाणते शल्यचिकित्सक दांडा थोडा फिरवून थांबतात. ताणलेल्या ऊतींना सैलावण्यास वेळ मिळाला, की तेवढीच जागा कमी जोरात मिळते. घाई केली तर बरगडी मोडते. उपकरण सोपे करणे म्हणजे केवळ ते हलके फिरेल असे करणे, हा समज येथे खोटा ठरतो.

असे प्रश्न रेखाटनाच्या मेजावर सुटत नाहीत. त्यासाठी अभियंत्याला शल्यगृहात उभे राहावे लागते. दिल्लीत ही सोय जुनी आहे. १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अन्सारी नगरात आहे आणि आयआयटी जवळच हौज खास येथे. दोघींनी मिळून १९७१ साली जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे केंद्र स्थापन केले. २००७ साली याच दोन संस्थांत, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने, बायोडिझाइनचा कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर, अभियंता आणि अभिकल्पक यांनी आधी रुग्णालयात निरीक्षण करावे, गरजांची यादी करावी, आणि मगच उपकरणाचा विचार करावा, ही त्याची रीत. कल्पना सुचली की लगेच धातू कापायला घेणाऱ्यांना ती रीत संथ वाटेल.

रिट्रॅक्टरकडे या दृष्टीने पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी काही गोष्टी दिसतील. हातमोजे रक्ताने निसरडे झालेले असतात. बारीक खाचांचा स्क्रू त्यांत फिरत नाही. परिचारिकेला चौकटीचे सुटे भाग मोजून द्यावे लागतात आणि शेवटी मोजून परत घ्यावे लागतात, म्हणून निखळणारा प्रत्येक लहान नट ही एक चिंता असते. सांध्यात अडकलेले रक्त वाळले, तर १३४ अंश सेल्सियसच्या वाफेनेही तो सांधा भरवशाचा निर्जंतुक होत नाही. भाग उघडून घासता आला पाहिजे. पट्टीची कड रुंद आणि गोलाई दिलेली असेल, तर तोच जोर अधिक जागेवर विभागला जातो.

सर्वांत अधिक लक्ष मात्र सोडवण्याच्या खटक्याकडे द्यावे लागते. उपकरण लावताना सर्वांना वेळ असतो. अचानक रक्तस्राव झाला, की पट्टी तत्क्षणी हलवावी लागते, आणि त्या वेळी एकच हात मोकळा असतो. रॅचेटवर जोर चढलेला असताना खटका घट्ट बसतो. तो सोडवण्यासाठी आधी आणखी ताण द्यावा लागत असेल, तर त्या क्षणी जखम अधिकच फाकते. उलट, खटका नुसत्या स्पर्शाने सुटणारा असेल, तर कुणाच्या कोपराचा धक्का लागूनही तो सुटेल. म्हणून नमुना तपासायचा तो पूर्ण ताणाखाली, ओले हातमोजे घालून, एका हाताने, आणि शक्य तर ज्याने ते उपकरण पूर्वी कधीही पाहिलेले नाही अशा डॉक्टरकडून.