गृहस्थाची चार सुखे

सुख म्हणजे काहीतरी मोठे, दूरचे आणि आज हाती नसलेले, अशी आपली समजूत असते. मुलाचा नंबर लागला की, प्लॉट घेतला की, बदली गावाजवळ झाली की सुख येणार. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकास भगवान बुद्धांनी सांगितलेला हिशेब वेगळा आहे. हा अनाथपिंडिक, म्हणजे सुदत्त श्रेष्ठी, धनाढ्य गृहस्थ आणि जेतवनाचा दाता. त्याच्याशी बोलताना तथागतांनी घरसंसारातल्याच सुखांची नावे घेतली. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातातील या छोट्या सुत्तात ती चार आहेत: अत्थिसुख, भोगसुख, अनणसुख आणि अनवज्जसुख.

अत्थिसुख म्हणजे घाम गाळून, न्याय्य मार्गाने मिळविलेले आपल्यापाशी आहे, ही जाणीव. पहिल्या पगारातून आईला लुगडे घेणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भोगसुख म्हणजे ते मिळविलेले उपभोगणे आणि त्यातूनच पुण्यकर्मही करणे. या दोन्ही गोष्टी सुत्तात एकत्र येतात, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपल्याकडची येळवस आठवावी. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर भागातली माणसे रानात जातात. भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांची पंगत बसते, आणि ज्याला शेत नाही त्यालाही हाक मारून बसवून घेतात. आपल्या पुष्कळ वाडवडिलांना गावच्या पंगतीपासून दूर बसावे लागे. म्हणून एका ओळीत बसून प्यालेल्या आंबिलीची गोडी आम्हांस अधिक वाटते.

तिसरे अनणसुख: थोडे वा फार, कोणाचेही देणे नसणे. मराठवाड्यात हे सुख सर्वांत महाग आहे. पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव पडतो आणि देणे पुढच्या हंगामावर जाते. त्यात मुलाला लातुरात वा नांदेडात शिकवणीसाठी ठेवायचे म्हणजे फी, खोली, मेस. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाला आम्ही नावे ठेवणार नाही. १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास लंडनला जाताना बाबासाहेबांनीही नवल भथेना या पारशी मित्राकडून पैसे उसने घेतले होते. पण मंडप, डीजे आणि आहेर यांसाठी काढलेल्या कर्जाचे काय? त्रिशरण-पंचशील घेऊन बुद्धविहारात लागलेले लग्न कमी प्रतीचे ठरत नाही, हे आपण जाणतो आणि तरीही चार लोकांना भितो. लग्नाच्या वयाच्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा एवढेच ध्येय धरले, की माझ्या लग्नापायी बापाच्या नावावर एक रुपयाही चढणार नाही, तर त्या घरात कितीतरी रात्री सुखाच्या जातील.

अनवज्जसुख म्हणजे काया, वाचा, मन यांनी निर्दोष असल्याचे सुख. पहिली तिन्ही सुखे याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असे सुत्त सांगते. याला पैसा लागत नाही. सालगड्याला ते मिळू शकते आणि पाचवीतल्या मुलालाही. परीक्षेत शेजारच्याचे न पाहता पेपर कोरा ठेवणारा मुलगा नापास होतो खरा, पण घरी सांगताना त्याला काही लपवावे लागत नाही. चढाओढीच्या या दिवसांत पालकांनी गुणपत्रिकेआधी हे विचारावे, असे आमचे मत आहे.

आमच्या वसतिगृहात दिवे मालविण्यापूर्वी मुले वहीत दोन ओळी लिहितात: आज काय आवडले आणि उद्या काय करायचे. ‘आज ताक होते.’ ‘उद्या सतराचा पाढा.’ ‘आज बाबांचा फोन आला, पाऊस झाला म्हणाले.’ ‘उद्या उसनी घेतलेली पेन्सिल परत द्यायची.’ या वह्या आम्ही तपासत नाही. मुले आपणहून दाखवितात तेवढेच वाचतो.