कचेरीतील अडचणी, रजेचे अर्ज आणि इंग्रजी

मुलगा किंवा मुलगी शिक्षण संपवून पहिल्या नोकरीवर रुजू होण्याच्या बेतात असते, तेव्हा बहुतेक घरांतून जी चिंता व्यक्त होते ती हिशेबाच्या ज्ञानाविषयी अथवा संगणकाच्या सरावाविषयी नसते. ‘हिला इंग्रजी बोलता येईल ना?’ या एकाच प्रश्नात ती सामावलेली असते. ही चिंता मी क्षुल्लक मानीत नाही. ज्या घरातील कोणी आजवर इंग्रजीत कारभार चालणाऱ्या कचेरीची पायरी चढलेले नाही, त्या घरातील आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन संभाषणवर्गाचे शुल्क भरावे आणि त्याचे चीज व्हावे अशी अपेक्षा बाळगावी, हे सर्वथा रास्त आहे. परंतु स्वतःचा परिचय, आवडते प्रेक्षणीय स्थळ, पर्यावरणावर दोन मिनिटांचे भाषण असे जे या वर्गांतून पुष्कळदा घोकून घेतले जाते, त्याचा नोकरीच्या प्रारंभीच्या काळात फारसा उपयोग होत नाही, असे माझे निश्चित मत आहे. नवोदित कर्मचाऱ्यास प्रत्यक्षात सांगावे लागते ते हे, की प्रिंटरमध्ये कागद अडकला आहे, पासवर्ड चालत नाही, एका सभागृहासाठी एकाच वेळी दोन बैठका ठरल्या आहेत, शेजारच्या टेबलावरचा सहकारी आलेला नाही व त्याच्याकडची बिले तटली आहेत, आणि स्वतःला परवा रजा हवी आहे.

या साध्या गोष्टी सांगताना मराठी विद्यार्थी अडखळतो, त्याचे कारण शब्दसंग्रहाचे दारिद्र्य हे नसून, मराठीतील एका व्यापक शब्दाच्या पोटात ज्या अनेक अवस्था सुखेनैव नांदतात त्या इंग्रजीत वेगवेगळ्या सांगाव्या लागतात, हे त्यास कोणी दाखवून दिलेले नसते. ‘बंद’ हाच शब्द घ्या. दुकान बंद असते ते ‘क्लोज्ड’; दिवा बंद असतो तो ‘स्विच्ड ऑफ’; यंत्र बिघडून बंद पडते ते ‘नॉट वर्किंग’ किंवा ‘आउट ऑफ ऑर्डर’; आणि सर्व्हर बंद पडतो तेव्हा तो ‘डाउन’ असतो. ‘प्रिंटर इज क्लोज्ड’ असे कळविणाऱ्या मुलीचा आशय समजून घेतला जाईल. पण दुरुस्तीस येणाऱ्या इसमास यंत्राचे बटण दाबलेले नाही, टोनर संपला आहे, की कागद अडकला आहे हे तिच्या निरोपातून कळणार नाही, आणि त्याची फेरी वाया जाईल. म्हणून ‘पेपर जॅम’, ‘आउट ऑफ टोनर’, ‘लॉक्ड आउट’, ‘डबल बुक्ड’ असे शब्द त्या त्या घटनेसह शिकावेत.

काही शब्दांत जबाबदारीचा प्रश्नही गुंतलेला असतो. फाईल सापडत नाही, असे म्हणावयाचे असता ‘लॉस्ट’ म्हटले तर ती कायमची गेली असा कबुलीजबाबच दिल्यासारखे होते. ‘मिसिंग’ म्हणजे ती जागेवर नाही, एवढेच. आणि ‘मिसप्लेस्ड’ म्हणजे कोणीतरी ती भलत्या ठिकाणी ठेवली आहे. शोध अजून चालू असेल तर ‘आय कान्ट फाइंड द फाईल’ हे साधे वाक्य सर्वांत प्रामाणिक, कारण त्यात स्वतःवर वा दुसऱ्यावर ठपका येत नाही.

गैरहजेरीच्या बाबतीत तर शब्दांची निवड अधिकच जपून करावी लागते, कारण तेथे दुसऱ्याच्या पगाराचा आणि अब्रूचा संबंध येतो. रजा मंजूर करून घेतलेला मनुष्य ‘ऑन लीव्ह’ असतो. आजारपणामुळे न आलेला ‘ऑफ सिक’. कार्यालयाच्याच कामासाठी बाहेरगावी गेलेला ‘ऑन टूर’. आणि पूर्वसूचना न देता न आलेला तेवढा हजेरीपटावर ‘ॲब्सेंट’. ‘ॲब्स्कॉन्डिंग’ हा शब्द आपल्याकडील खाजगी कंपन्यांत, जो कर्मचारी काही न कळविता येण्याचेच बंद करतो व ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, त्याच्यासाठी योजला जातो. एक दिवस न आलेल्या सहकाऱ्याविषयी तो नवख्याने चुकूनही उच्चारू नये. रजेवर, गैरहजर, दौऱ्यावर, बेपत्ता हे भेद आपल्या दप्तरी भाषेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. तेव्हा विद्यार्थ्यास शिकावयाचा आहे तो केवळ त्यांचा इंग्रजी व्यवहार.

स्वतःच्या अर्जात मात्र मराठी वाक्य जसेच्या तसे उतरविण्याचा मोह घात करतो. ‘माझी तब्येत बरी नाही’ याचे ‘माय हेल्थ इज नॉट गुड’ असे केले, की वाचणारा दीर्घकालीन व्याधीची शंका घेतो. ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’ एवढेच पुरते. ‘रजा टाकली आहे’ याचे ‘आय हॅव पुट लीव्ह’ होत नाही, ‘आय हॅव अप्लाइड फॉर लीव्ह’ होते. ‘आय विल नॉट कम’ यात नकाराचा ताठा येतो. ‘आय वोन्ट बी एबल टु कम’ यात असमर्थता व्यक्त होते. बुधवारपर्यंत रजा म्हणताना बुधवार धरला की वगळला, हा घोळ टाळण्यासाठी ‘आय विल बी बॅक ऑन थर्सडे’ असे परतीचा वार सांगून लिहावे. आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ ही शाळेपासून गिरविलेली ओळ सोडून द्यावी. तिच्यातून कोणी काय करावयाचे हे कोणासच कळत नाही. त्याऐवजी कोणते काम अपुरे आहे आणि ते तोवर कोण पाहील, हे दोन वाक्यांत लिहिणारा उमेदवार वरिष्ठांच्या विश्वासास लवकर पात्र ठरतो.

रजेचे शब्द शिकताना रजेचे नियमही वाचावेत, असा माझा आग्रह आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात वर्षाकाठी ८ दिवसांची पगारी ‘कॅज्युअल लीव्ह’ आहे, आणि ती न घेतल्यास वर्षअखेर बुडते. उलट वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे मिळणारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठविता येते. हे ज्यास ठाऊक आहे त्यास ‘लॅप्स’, ‘ॲक्युम्युलेट’, ‘बॅलन्स’ हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. सरकारी सेवेकडे दृष्टी असणाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचावेत. अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण या रजा आणि ‘अर्न्ड’, ‘हाफ पे’, ‘कम्यूटेड’, ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ ही त्यांची नावे तेथे संदर्भासह भेटतात. भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोशही हाताशी असावा. इंग्रजी कोश घ्यावयाचा तर शिकणाऱ्यांसाठी रचलेला घ्यावा. हॉर्नबी यांनी जपानमध्ये विद्यार्थ्यांना शिकविताना सिद्ध केलेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेला कोश याच जातीचा आहे, कारण शब्द वाक्यात कसा बसतो हे तो उदाहरण देऊन दाखवितो.

पालकांना इंग्रजी येत नसले तरी त्यांची मदत मोलाची ठरू शकते. संध्याकाळी ‘आज कचेरीत काय अडले?’ असे मराठीत विचारावे, मुलीने ते मराठीत नीट सांगावे, आणि मग तीच हकीकत तिने इंग्रजीत तीन ओळींत वहीत उतरवून त्याखाली तारीख घालावी. वर्गात नाव घालण्यापूर्वी तेथील शिक्षकांस असे तीन ओळींचे निरोप आणि रजेचे अर्ज लिहवून घेऊन तपासता का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर शुल्काची रक्कम राखून ठेवावी आणि त्यातील काही भाग इंग्रजी टंकलेखनाच्या शासकीय प्रमाणपत्र परीक्षेकडे वळवावा.