मी रचलेली मैत्रीण

१. खोटं बोलण्यापेक्षा ते लक्षात ठेवणं जड जातं. सोमवारी ऑफिसात डबे उघडले की पहिला प्रश्न, "काल कुठे होतास?" मला पुरुष आवडतात, हे खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून एक मैत्रीण रचली. तिला गाव दिलं, नोकरी दिली, एकदा टायफॉइडही दिला. दोन वर्षांनी प्रश्न आवरेनात, तेव्हा तिचं लग्न लावून तिला अमेरिकेला धाडलं. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं! त्या काळात झोप उडाली होती, छातीत जळजळायचं. मी चहाला दोष देत होतो. पुढे मानसशास्त्रज्ञ इलान मेयर यांनी २००३ साली मांडलेल्या विचाराबद्दल वाचलं: लपवणं, सतत सावध राहणं, लोक झिडकारणारच असं धरून चालणं, या ताणाने मन खचतं. चहा बिचारा निर्दोष होता.

२. १९९९ साली तालुक्याच्या एका डॉक्टरांनी "लग्न कर, जाईल" म्हणत गोळ्या दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली होती. ते टपाल आमच्याकडे पोचलं नसावं. आता समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारतो, "हे बदलता येतं असं वाटतं का तुम्हाला?" उत्तर लांबलं की चपला घालायच्या. असले 'उपचार' म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन, असं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही सांगितलंय.

३. स्वतःला स्वीकारण्याच्या पायऱ्या पुस्तकात ओळीने असतात. माझ्या मागेपुढे झाल्या. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असं सांगणाऱ्या २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मी धीर करून ताईला सांगितलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि त्याच रात्री मी तिला फोन केला, "कुणाला बोलली नाहीस ना?"

४. एक मित्र म्हणाला, त्याला बाईही आवडते, पुरुषही. मी फाडकन बोललो, "घाबरतोस, म्हणून अर्ध्यात थांबलायस." मला ऐकाव्या लागलेल्या वाक्यांपेक्षा हे वेगळं नव्हतं. माफी मागायला सहा वर्षं लावली.

५. ६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला. आईबाबांना माझ्याबद्दल नि जोडीदाराबद्दल सांगायला मात्र २०२० उजाडलं. आई वर्षभर गप्प, मग एकदा फोनवर म्हणाली, "त्याला तिखट चालतं का?" बाबा या विषयावर आजही बोलत नाहीत. दिवाळीला गावी गेलो की न्हाणीघरात दोन नवे मोती साबण ठेवलेले असतात.